घरच्या कॉम्प्युटरवरच्या खासगी फायली: काय खरंच चालतं आणि काय नुसतं समाधान

फोल्डरवर राइट क्लिक केलं, पासवर्ड टाकला, झालं काम, असं काही विंडोजमध्ये नाहीये. आधीच सांगून टाकतो, कारण बहुतेक जण तेच शोधत असतात आणि मग कुठलंतरी फोल्डर लॉकचं क्रॅक उतरवून घेतात, फायली राहतात तशाच उघड्या आणि वर व्हायरस मिळतो तो वेगळाच. मायक्रोसॉफ्टने एकदा ही सोय दिली होती बरं का. जुलै २००६ मध्ये एक्सपीसाठी प्रायव्हेट फोल्डर नावाचं फुकट टूल काढलं होतं, पण कंपन्यांमधल्या आयटीवाल्यांनी लगेच बोंब मारली की लोक पासवर्ड विसरले तर आतला डेटा काढायचा कोणी, आणि थोड्याच दिवसांत ते मागे घेतलं. त्यांची बोंब काही अगदीच चुकीची नव्हती. मी ओळखीपाळखीत जे बघतो त्यात फाइल दुसऱ्याने पळवली यापेक्षा स्वतःच लॉक लावून पासवर्ड विसरले अशा केसेस जास्त असतात, त्यामुळे खाली प्रत्येक उपायासोबत पासवर्ड विसरलात तर काय हेही सांगत जाणार आहे, ते स्किप करू नका.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा, की लपवायचं कोणापासून? घरातल्यांपासून (भाचा गेम खेळायला बसतो आणि सगळीकडे क्लिक करत सुटतो), लॅपटॉप चोरणाऱ्यापासून, रिपेअरवाल्यापासून, का ज्याला आपण फाइल मेल करतोय त्याच्या वाटेतल्या लोकांपासून? प्रत्येकाला उपाय वेगळा लागतो. भाच्यासाठी जे पुरतं ते चोराला अर्धा तासही अडवत नाही, आणि चोरासाठी जे लागतं ते रोज लाइटबिलाची पीडीएफ उघडायला वापरलंत तर आठ दिवसांत कंटाळून बंद कराल.

आता जे चालत नाही ते आधी उरकून घेऊ.

फोल्डर हिडन करणं. प्रॉपर्टीजमध्ये हिडनची टिक मारली की फोल्डर गायब होतो खरा, पण एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स एवढं केलं की परत समोर हजर. शाळेतल्या पोराला येतं हे. अॅट्रिब कमांडने सिस्टिम फाइल बनवली तरी अजून एकच टिक जास्त काढावी लागते, बाकी काही फरक नाही.

ती प्रसिद्ध बॅच फाइल. नोटपॅडमध्ये काहीतरी कोड पेस्ट करा, डॉट बॅट नावाने सेव्ह करा आणि फोल्डरला पासवर्ड लागला म्हणे. वर्षानुवर्षं फिरतेय ही ट्रिक. त्यात होतं एवढंच की फोल्डरचं नाव बदलून त्याला कंट्रोल पॅनेलचं सोंग दिलं जातं आणि तो हिडन होतो, आणि तुमचा पासवर्ड त्याच बॅट फाइलमध्ये साध्या अक्षरात लिहिलेला असतो, राइट क्लिक करून एडिट केलं की समोर दिसतो. घराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची आणि वर पाटी लावायची तसला प्रकार.

एक्सेलमधलं प्रोटेक्ट शीट. हे चुकून कोणी फॉर्म्युला खोडू नये म्हणून आहे, गुपित ठेवायला नाही. फाइल एन्क्रिप्ट होत नाही (म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी आतून बदलली जात नाही), माहीतगार माणूस ते काही मिनिटांत काढतो. एक्सेलमध्येच खरा पासवर्ड पण आहे, तो वेगळ्या ठिकाणी, पुढे येतोय.

आणि फोल्डर लॉकची ती अॅप्स. सगळीच भंगार असतात असं नाही, पण बरीचशी फायली एन्क्रिप्ट न करता फक्त विंडोजपासून दडवून ठेवतात, आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की सगळं उघडं. शिवाय अॅप बंद पडलं, लायसन संपलं, विंडोज अपडेटनंतर चालेना, की आपणच बाहेर. फाइल नक्की कुठल्या पद्धतीने एन्क्रिप्ट होते हे अॅपवाला सांगत नसेल तर सोडून द्या.

घरातल्यांसाठी: वेगळं अकाउंट

हा सगळ्यात कंटाळवाणा उपाय आहे आणि घरात सगळ्यात जास्त उपयोगी हाच. प्रत्येकाचं वेगळं विंडोज अकाउंट. हॉलमधल्या एका कॉम्प्युटरवर सगळं घर एकाच अकाउंटने बसतं, पिन सगळ्यांना माहीत, आणि मग फोल्डर लपवायच्या ट्रिका शोधायच्या, याला अर्थ नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अॅड अकाउंट. तिथे मेल आयडी मागतं. द्यायचा नसेल तर खाली आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन इन इन्फर्मेशन असं लिहिलेलं असतं ते दाबायचं, पुढच्या पानावर अॅड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट. नाव, पासवर्ड, झालं. नवीन अकाउंट स्टँडर्ड यूजर म्हणून बनतं, ते तसंच राहू द्या. अॅडमिनिस्ट्रेटर फक्त एक, तुमचं. कारण अॅडमिनवाला दुसऱ्याच्या फोल्डरवर गेला की विंडोज फक्त विचारतं, परवानगी नाही पण कंटिन्यू करू का, आणि तो कंटिन्यू दाबून आत जातो. स्टँडर्डवाल्याला तिथे अॅडमिनचा पासवर्ड मागतं.

आता इथे एक गोम आहे आणि ती आपल्याकडे फार लागू पडते. हे संरक्षण मिळतं ते सी ड्राइव्हमधल्या तुमच्या यूजर फोल्डरला, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. आणि आपण डेटा ठेवतो कुठे? डी ड्राइव्हला. कारण सी कधीही फॉरमॅट होतो हे डोक्यात बसलेलं. डी ड्राइव्ह बाय डिफॉल्ट सगळ्या अकाउंट्सना उघडा असतो, वाचायलाच नाही तर बदलायला सुद्धा. म्हणजे वेगळी अकाउंट्स केलीत आणि खासगी फोल्डर डीवरच राहिला तर काहीच साधलं नाही. एकतर तो उचलून आपल्या डॉक्युमेंट्समध्ये टाका, नाहीतर डीवर ठेवायचाच असेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड, तिथे डिसेबल इनहेरिटन्स दाबून कन्व्हर्टवाला पर्याय घ्या, आणि मग यादीतून यूजर्स आणि ऑथेंटिकेटेड यूजर्स काढून टाका. तुमचं नाव आणि सिस्टिम राहिलंय ना ते ओके दाबायच्या आधी बघा. नाव यादीत नसेल तर अॅड करून फुल कंट्रोल द्या.

आणि उठताना विंडोजचं बटन आणि एल दाबा, स्क्रीन लॉक होतो. एवढी सवय लागली तरी निम्मं काम होतं. कितीही भारी अकाउंट केलं आणि चहा घ्यायला उठताना मशीन उघडं ठेवलं तर काय उपयोग. ब्राउजरचं पण तसंच, क्रोममधले सेव्ह केलेले पासवर्ड बघायला विंडोजचा पिन मागतो, आणि तो पिन जर घरात सगळ्यांना माहीत असेल तर बँकेचा पासवर्ड पण सगळ्यांना माहीत आहे असंच धरा. क्रोममध्ये वेगवेगळी प्रोफाइल्स करून काही होत नाही, एकाच विंडोज अकाउंटमध्ये कोणीही कुठल्याही प्रोफाइलवर क्लिक करू शकतो.

विसरलात तर? अॅडमिन दुसऱ्याचा पासवर्ड रीसेट करू शकतो, फायली जात नाहीत (एक अपवाद आहे, तो पुढे). म्हणून घरासाठी हा उपाय बिनधास्त.

चोरासाठी: आख्खी डिस्क एन्क्रिप्ट

विंडोजचा लॉगिन पासवर्ड डिस्कवरच्या फायलींना हात लावत नाही, तो फक्त विंडोजच्या दारात उभा असतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, की डिस्क एन्क्रिप्टेड नसेल तर सगळे फोटो, सगळे आयटी रिटर्न समोर. वर केलेल्या त्या परमिशन्स पण तिथे कोणी विचारत नाही.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत यासाठी बिटलॉकर आहे. होममध्ये बिटलॉकरची पूर्ण सेटिंग्ज नाहीत पण डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने त्याचंच छोटं रूप आहे, हार्डवेअर चालत असेल तर. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन. तो पर्यायच दिसत नसेल तर तुमच्या मशीनला चालत नाही, पुढचा व्हेराक्रिप्टचा भाग वाचा. आणि आधी बघून घ्या, कदाचित ते चालू असेलच, कारण विंडोज ११ च्या २४एच२ या व्हर्जनपासून नवीन मशीनवर किंवा कोऱ्या इन्स्टॉलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की ते आपोआप चालू होतं. आपल्याला कोणी विचारत पण नाही.

म्हणूनच रिकव्हरी की सांभाळा. ४८ आकडी नंबर असतो. बायोस अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, की एक दिवस निळा स्क्रीन येतो आणि तो नंबर मागतो, पिन वगैरे काही चालत नाही. होमवाल्यांची की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर गेलेली असते, ब्राउजरमधून अकाउंटमध्ये लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये बिटलॉकर कीज बघा. आजच बघा, कागदावर उतरवा. बऱ्याच जणांचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट दुकानदाराने लॅपटॉप देताना घाईत बनवून दिलेलं असतं, कुठल्या मेलवर बनवलं ते आठवत नाही, फोन नंबर पण बदललेला. अशा वेळी की गेली म्हणजे डेटा गेला. कुठलाही रिपेअरवाला ती काढून देऊ शकत नाही, आणि देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रोमध्ये अजून एक गोष्ट आहे, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड दाबलं की एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा अशी टिक. होममध्ये ती फिकट दिसते, दाबता येत नाही. ही ईएफएस. छान वाटते, कारण पासवर्ड वगैरे काही नाही, तुमच्या लॉगिनला फाइल उघडते आणि दुसऱ्याच्या लॉगिनला उघडत नाही. पण किल्ली असते तुमच्या विंडोज अकाउंटमधल्या सर्टिफिकेटमध्ये. आणि आपल्याकडे मशीन स्लो झालं की पहिला उपाय काय, फॉरमॅट मारा! फॉरमॅट मारला, सर्टिफिकेटचा बॅकअप नव्हता, डी ड्राइव्हवरच्या त्या फायली जागच्या जागी आहेत आणि आता जन्मात उघडणार नाहीत. लोकल अकाउंटचा (मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय बनवलेल्या) पासवर्ड दुसऱ्या अॅडमिनने रीसेट केला तरी हेच होतं, मगाशी म्हटलेला अपवाद तो हाच. मी तरी घरी ही टिक मारायला सांगत नाही.

खरी खासगी कागदपत्रं: व्हेराक्रिप्ट

आता मुख्य. इच्छापत्राचा ड्राफ्ट, प्रॉपर्टीचे स्कॅन, मेडिकल रिपोर्ट, आधार पॅन, डायरी, कोणाचे काय असेल ते. यासाठी व्हेराक्रिप्ट. फुकट आहे, सोर्स कोड उघडा आहे, होम प्रो सगळ्यावर चालतं, मॅक आणि लिनक्सवरही. जुनं ट्रूक्रिप्ट होतं ना, जे मे २०१४ मध्ये त्याच्याच लोकांनी अचानक बंद केलं, त्याच्या कोडवरून हे बनलंय, २०१३ पासून आहे आणि २०१६ मध्ये क्वार्क्सलॅबने त्याचं बाहेरून ऑडिट केलं, त्यात निघालेल्या बऱ्याच चुका दुरुस्तही झाल्या. उतरवताना अधिकृत साइटवरूनच, डाउनलोडच्या त्या जाहिरातींनी भरलेल्या साइटवरून नको.

कल्पना साधी आहे. डिस्कवर एक मोठी फाइल बनते, तिला कंटेनर म्हणतात. पासवर्ड दिला की ती फाइल एका नवीन ड्राइव्हसारखी दिसते, समजा एम ड्राइव्ह, त्यात नेहमीसारख्या फायली ठेवायच्या, उघडायच्या, सेव्ह करायच्या, काम झालं की बंद. बंद असताना बाहेरून फक्त एक अर्थहीन फाइल.

क्रिएट व्हॉल्यूम दाबा. पहिलाच पर्याय क्रिएट अॅन एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर, तोच ठेवा, पुढे स्टँडर्ड व्हॉल्यूम. मग लोकेशन विचारतं, सिलेक्ट फाइल दाबून जिथे ठेवायचं तिथे जा आणि नवीन नाव टाइप करा. नवीन! इथे पुष्कळ जण आपली जी फाइल लपवायचीय तीच निवडतात, आणि व्हेराक्रिप्ट ती एन्क्रिप्ट करत नाही तर तिच्या जागी कंटेनर बनवतं, फाइल उडाली. वॉर्निंग देतं पण वॉर्निंग वाचतंय कोण. पुढच्या पानावर एईएस आणि एसएचए ५१२ असतं, हात लावू नका, बाकीची लांबलचक यादी हौशी लोकांसाठी आहे. मग साइज. नुसती कागदपत्रं असतील तर ५ जीबी भरपूर, फोटो व्हिडिओ असतील तर अंदाज घेऊन दुप्पट ठेवा, कारण नंतर वाढवणं कटकटीचं आहे, नवा मोठा कंटेनर करून त्यात कॉपी करणं त्यापेक्षा सोपं. पासवर्ड (त्याबद्दल खाली). मग विचारतं ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवणार का, व्हिडिओ असतील तर येस. शेवटच्या पानावर खिडकीत माउस वेडावाकडा फिरवायला सांगतं, ती गंमत नाहीये, त्या हालचालीतून रँडम आकडे घेतले जातात, पट्टी हिरवी होईपर्यंत फिरवा आणि फॉरमॅट दाबा. फॉरमॅट हा शब्द बघून घाबरू नका, तो फक्त त्या नवीन फाइलपुरता आहे.

वापरताना मुख्य खिडकीत एखादं मोकळं अक्षर निवडा, सिलेक्ट फाइलने कंटेनर दाखवा, माउंट, पासवर्ड. काही सेकंद लागतात, हँग झालं समजू नका. पासवर्ड तपासताना मुद्दाम पाच लाख वेळा तीच आकडेमोड करतं, म्हणजे अंदाजाने पासवर्ड मारत बसणाऱ्याला प्रत्येक वेळी तेवढंच थांबावं लागतं. काम झालं की डिसमाउंट, नव्या व्हर्जनमध्ये त्याला अनमाउंट म्हणतात.

सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेसला जा आणि ऑटो डिसमाउंटच्या टिका मारा, लॉग ऑफ केल्यावर, पॉवर सेव्हिंगमध्ये गेल्यावर, आणि इतकी मिनिटं वापर नसेल तर. कारण माउंट असताना तो ड्राइव्ह सगळ्यांना उघडा असतो, त्याच मशीनवर दुसऱ्या अकाउंटने लॉगिन असलेल्यालाही दिसतो. वर्ड फाइल उघडी असताना ऑटो डिसमाउंट झालं तर सेव्ह न केलेलं जाऊ शकतं, तेवढं लक्षात ठेवा.

मग सगळ्यात जास्त राहून जाणारी पायरी: फायली आत कॉपी केल्या, आता बाहेरच्या मूळ फायलींचं काय? त्या डाउनलोड्समध्ये तशाच पडलेल्या असतात. आत नीट उघडतायत ना बघा, मग बाहेरच्या डिलीट करा, रिसायकल बिन रिकामं करा. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर डिलीट झालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येऊ शकते, त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडून सायफर ही विंडोजचीच कमांड द्या, सायफर, स्पेस, स्लॅश डब्ल्यू, कोलन, मग ड्राइव्हचं अक्षर आणि परत कोलन. ती फक्त मोकळ्या जागेवर फिरवते, असलेल्या फायलींना काही करत नाही, पण वेळ खूप खाते, रात्री लावून झोपा. एसएसडीला याची तशी गरज पडत नाही, तिथे डिलीट झालेली जागा ट्रिममुळे डिस्क स्वतःच साफ करत असते.

एकच फाइल पाठवायची असेल

सीएला कागद पाठवायचेत, भावाला प्रॉपर्टीचे स्कॅन द्यायचेत, तर कंटेनरचा व्याप नको. सेव्हन झिप घ्या, फुकट आहे. फोल्डरवर राइट क्लिक, अॅड टू आर्काइव्ह, पासवर्ड टाका, फॉरमॅट सेव्हन झेड ठेवा आणि एन्क्रिप्ट फाइल नेम्सची टिक मारा, नाहीतर आतल्या फायलींची नावं पासवर्डशिवाय दिसतात, आणि कधीकधी नावच सगळं सांगून जातं. समोरच्याकडे झिपच उघडतं म्हणून झिप करत असाल तर एन्क्रिप्शन मेथडमध्ये झिपक्रिप्टोऐवजी एईएस २५६ घ्या, झिपक्रिप्टो जुनं आणि कमकुवत आहे. झिपमध्ये नावं लपत नाहीत ते वेगळंच. विंडोजचं स्वतःचं झिप पासवर्ड लावूच शकत नाही. आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये खाली लिहू नका राव, फोन करून सांगा.

वर्ड एक्सेलला फाइल, इन्फो, प्रोटेक्ट डॉक्युमेंट (एक्सेलमध्ये प्रोटेक्ट वर्कबुक), एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. हा खरा पासवर्ड. पण फाइल नव्या फॉरमॅटमध्ये हवी, डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स. जुन्या ९७-२००३ वाल्या फॉरमॅटचा पासवर्ड आजच्या मशीनसमोर टिकत नाही. लिब्रेऑफिसवाल्यांना सेव्ह अॅजमध्ये सेव्ह विथ पासवर्डची टिक आहे, पीडीएफ करताना पण एक्सपोर्टमध्ये सिक्युरिटीच्या टॅबमध्ये पासवर्ड लावता येतो.

आणि ज्या पीडीएफला आधीच पासवर्ड आहे तिच्यावर फार विसंबू नका. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. आयटीआर-व्हीचा म्हणजे स्मॉलमध्ये पॅन आणि जन्मतारीख. हे पासवर्ड नातेवाईकांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला, सगळ्यांना माहीत असल्यासारखेच आहेत. वाटेत अनोळखी माणसाच्या हाती पडली तर थोडाफार अडथळा, एवढंच. या फायली कंटेनरमध्येच ठेवा. आणि कुठे आधारची प्रत द्यायचीच असेल आणि चालत असेल तर मास्क्ड आधार द्या, यूआयडीएआयच्याच साइटवरून उतरतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. घरी एवढं सगळं करायचं आणि मग झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिथल्या व्हॉट्सअॅपवर आधार पाठवायचं, मग ते त्याच्या डाउनलोड्समध्ये वर्षभर पडून. निदान समोर उभं राहून डिलीट करायला लावा.

बाकी राहिलेले माग

फाइल लपली तरी तिच्या खुणा राहतात. एक्सप्लोररच्या होममध्ये रीसेंट फायली दिसतात, नावासकट. एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये प्रायव्हसीखाली त्या टिका काढा आणि क्लिअर दाबा. वर्ड आपली वेगळी यादी ठेवतं. सेव्हन झिपच्या खिडकीतूनच फाइलवर डबल क्लिक केलं तर ती आधी टेम्प फोल्डरमध्ये सुटते आणि मग उघडते, मशीन मध्येच बंद पडलं तर तिथेच राहते.

वनड्राइव्ह. हा शहाणपणा करतो, तुम्ही सेटअपच्या वेळी नेक्स्ट नेक्स्ट करत गेलात तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स तिघांचा बॅकअप सुरू करून ठेवतो, म्हणजे तुमच्या खासगी फायली क्लाउडवर आणि त्याच अकाउंटने लॉगिन असलेल्या दुसऱ्या मशीनवर पण. घड्याळाजवळच्या निळ्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये सिंक अँड बॅकअप बघा. नको असेल तर बंद करा, पण बंद केल्यावर फायली कुठे आहेत ते बघूनच पुढे जा. व्हॉट्सअॅपचं पण बघा, कॉम्प्युटरवर लॉगिन करून ठेवलंय आणि अकाउंट सगळ्यांचं एकच, मग फायली लपवून काय करणार, चॅटच उघडं.

पासवर्ड आणि कागद

कंटेनरचा पासवर्ड लांब हवा, २० अक्षरांच्या आत असेल तर व्हेराक्रिप्ट स्वतःच कुरकुर करतं. चिन्हं आकडे घुसवून डोकं खाण्यापेक्षा एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच सहा मराठी शब्द घ्या, खिडकी, भोपळा, तहसील, गंजीफा असले, आणि इंग्रजी अक्षरात लिहा म्हणजे कुठल्याही कीबोर्डवर टाइप होतात. हेच चार घेऊ नका अर्थात. अभंगाची ओळ, आरतीची ओळ, पोराचं नाव आणि जन्मसाल हे नको. शब्द आपल्या मनाने सुचवू नका, शब्दकोशाची पानं डोळे मिटून उघडा आणि बोट पडेल तो घ्या. स्पेलिंग एकदाच ठरवा, तहसीलमध्ये आय एक का ई दोन यावर पुढच्या वर्षी अडाल.

मग तो कागदावर लिहा. हो, कागदावर. पासवर्ड लिहून ठेवू नये हा नियम ऑफिसच्या मॉनिटरवर पिवळी चिठ्ठी लावणाऱ्यांसाठी आहे. घरात तुमचा शत्रू इंटरनेटवरचा आहे आणि तो कपाट उघडून बघत नाही, त्यापेक्षा सहा महिन्यांनी तुम्हीच विसरण्याची भीती मोठी. व्हेराक्रिप्टला फरगॉट पासवर्ड नाही, कस्टमर केअर नाही. जिथे एफडीच्या पावत्या आणि एलआयसीचे बाँड ठेवता तिथेच पाकीट ठेवा, त्यात कंटेनरचा पासवर्ड, कंटेनरची फाइल कुठे आहे, आणि बिटलॉकरची ४८ आकडी की. आणि बायकोला, नवऱ्याला, मोठ्या मुलीला, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगा की पाकीट आहे. इच्छापत्र आणि विम्याचे स्कॅन अशा ठिकाणी ठेवून माणूस गेला की मागच्यांना ते कधीच मिळत नाहीत. ज्या फायली त्यांनाही नको आहेत त्यांचा वेगळा कंटेनर करा, त्याचा पासवर्ड पाकिटात नका ठेवू.

बॅकअप पण घ्या, कारण कंटेनर म्हणजे एकच फाइल, ती फाइल किंवा डिस्कच खराब झाली तर आतलं सगळं जाऊ शकतं. डिसमाउंट करून ती फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, कंटेनर आहे तसा क्लाउडवर टाकला तरी चालतो, आत काय आहे ते क्लाउडवाल्याला कळत नाही. एक खोच: व्हेराक्रिप्ट बाय डिफॉल्ट कंटेनरची तारीख बदलू देत नाही, आत तुम्ही कितीही नवीन फायली टाका, बाहेरून तारीख जुनीच, त्यामुळे बरीच बॅकअप सॉफ्टवेअर काही बदललंच नाही समजून पुढे जातात. प्रेफरन्सेसमध्ये प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टॅम्पची टिक काढा. रॅन्समवेअरसाठी (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) पण हा बॅकअपच उपयोगी, तुमची एन्क्रिप्ट केलेली फाइल तो परत एन्क्रिप्ट करू शकतो, त्याला काही आतलं वाचायचं नसतं. म्हणून ती बाहेरची डिस्क कायम लावून ठेवू नका, कॉपी झाली की काढा.

मॅकवाल्यांना सोपं आहे, फाइलव्हॉल्ट चालू करा आणि डिस्क युटिलिटीमध्ये एन्क्रिप्टेड इमेज बनते, तिचं काम वरच्या कंटेनरसारखंच.

रिपेअरला देताना

स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, बिजागर यासाठी पासवर्ड लागत नाही, मागितला तर विचारा कशाला. चालू होतंय का बघायचं तर लॉगिनच्या पानापर्यंत बघता येतं. सॉफ्टवेअरचं काम असेल तर त्यांच्यासाठी तात्पुरतं वेगळं लोकल अकाउंट करून द्या, आणि ते अॅडमिन मागतील हे धरूनच चाला, म्हणजे आधी खासगी सगळं कंटेनरमध्ये आणि कंटेनर बंद, बॅकअप घेऊन ती फाइल लॅपटॉपवरून काढूनच टाकली तर उत्तम. ब्राउजरमधून साइन आउट, व्हॉट्सअॅप लॉग आउट. डेस्कटॉप असेल तर हार्ड डिस्क काढून द्या, दोन केबल आणि चार स्क्रू असतात. मदरबोर्ड बदलणार असतील तर ४८ आकडी की हातात असल्याशिवाय मशीन देऊ नका.

विकताना सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि मध्ये चेंज सेटिंग्जमध्ये क्लीन डेटा चालू करा, ते बाय डिफॉल्ट बंद असतं. आणि माळ्यावर ज्या जुन्या हार्ड डिस्क पडल्यात त्या भंगारवाल्याला देण्याआधी क्विक फॉरमॅटची टिक काढून पूर्ण फॉरमॅट मारा, व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये तो सगळीकडे शून्यं लिहितो. क्विकवाला फक्त यादी पुसतो. डिस्क चालूच होत नसेल तर उघडून आतल्या चकत्यांवर हातोडा घाला, चष्मा घालून, काही डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात.